रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँगुलर की सरळ जेक्वेरी? वाशी मार्केटच्या पेढीचं काम आहे, काय घ्याल?

कोपरखैरणेकर

मंडळी सल्ला हवाय. आम्ही तिघं मिळून छोटी-मोठी वेबची कामं घेतो, बसतो महापेला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका पेढीचं काम आलंय. गाडी आली की आवक नोंदवायची, गाडी नंबर, गोण्या किती, वजन, भाव, आणि मग हमाली तोलाई वाराई कापून शेतकऱ्याची पट्टी (हिशोबाची पावती) काढायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, एवढंच. आत्ता जे चालतंय ते कोणीतरी २०१५ च्या आसपास जुन्या अँगुलरजेएसमध्ये करून दिलंय, करणारा माणूस आता फोन उचलत नाही, आणि त्या अँगुलरजेएसचा सपोर्टही डिसेंबर २०२१ ला संपला.

वापरणारे कोण, तर गाळ्यावर दोन पोरं ज्यांच्याकडे अगदी साधे अँड्रॉइड फोन आहेत, आणि आत पेढीवर मेहताजी, ते डेस्कटॉपवर. सगळं मराठीतच पाहिजे, शेठचा आग्रह आहे.

टीममध्ये मला रिअ‍ॅक्ट येतं, मित्राची आधीची नोकरी अँगुलरवर गेली, तिसरी मुलगी नुकतीच डिप्लोमा करून आलीय तिला साधं जावास्क्रिप्ट चांगलं येतं. फ्रेमवर्क (वेबची पानं बांधायचा तयार सांगाडा) कुठलं घ्यावं आणि सोबत बाकीची हत्यारं कुठली, म्हणजे कोड जुळवणारं बिल्ड, प्रकार तपासणारं टायपस्क्रिप्ट, पॅकेजं आणायला एनपीएम की पीएनपीएम वगैरे? "ज्याचं त्याचं आवडीचं" हे उत्तर कृपया देऊ नका, ते मलाही माहितीये :)

सेमीकोलन

रिअ‍ॅक्ट. विषय संपला.

बरं जरा खुलासा करतो नाहीतर लोक अंगावर येतील. उद्या तुम्ही तिघांपैकी कोणी सोडून गेलं तर मुंबई-ठाणे-नवी मुंबईत रिअ‍ॅक्टवाला माणूस आठवड्यात मिळतो, बाकीच्यांना शोधत बसावं लागतं. फेसबुकने २०१३ ला ते खुलं केलं तेव्हापासून इतकं पाणी वाहून गेलंय की तुम्हाला जी अडचण येईल ती आधी कोणाला तरी आलेली असतेच.

फक्त एक, नवा प्रोजेक्ट सुरू करून देणारं क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप घेऊ नका. यूट्यूबवरचे निम्मे जुने व्हिडिओ अजून तिथूनच सुरू होतात पण ते रिअ‍ॅक्टच्याच लोकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढलं. बिल्डला व्हीट घ्या. आणि नेक्स्ट जेएसच्या नादी लागू नका, तुमचं सगळं लॉगिनच्या आत आहे, गूगलला पट्टी दाखवायची नाहीये, मग सर्व्हरवर पान रंगवायची भानगड कशाला.

जुनाजाणता

आले रिअ‍ॅक्टवाले.

अहो तीन फॉर्म आणि दोन तक्ते आहेत. ह्याला फ्रेमवर्क? २००६ ची जेक्वेरी आजही निम्मं जग चालवतेय, हसू नका, स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या सर्व्हेत वेब तंत्रज्ञानांच्या यादीत नोड आणि रिअ‍ॅक्टच्या खालोखाल तीच होती, अँगुलर आणि व्ह्यू दोन्ही तिच्या खाली. लोक लाजतात सांगायला पण वापरतात.

जेक्वेरी नको असेल तर सर्व्हरवर जॅंगो किंवा लाराव्हेल ठेवा आणि वर एचटीएमएक्स. जीझिप केल्यावर सगळी मिळून पंधरा-सोळा केबीची फाइल, बिल्ड नाही, नोड मॉड्यूल्सचं ओझं नाही. बटण दाबलं की सर्व्हरकडून एचटीएमएलचा तुकडा येतो आणि जागेवर बसतो. डिप्लोमावाली मुलगी दुसऱ्या दिवशी काम करायला लागेल.

निवांत

वाचतोय. (स्वेल्टचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून खुर्ची धरून बसलोय)

पार्ल्याची_पोर

मी व्ह्यूच्या बाजूने बोलते.

धागाकर्त्यांच्या टीममध्ये एक रिअ‍ॅक्ट, एक अँगुलर, एक नवखी, तर ह्या तिघांना मधोमध भेटायची जागा व्ह्यू आहे. टेम्प्लेट अँगुलरवाल्याला ओळखीचं वाटतं, कंपोझिशन एपीआय (व्ह्यूची कोड लिहायची नवी पद्धत) रिअ‍ॅक्टच्या हुक्सवाल्याला पटकन कळतं, आणि नवीन मुलीला एका फाइलमध्ये वर स्क्रिप्ट, खाली एचटीएमएल, त्याखाली सीएसएस असं सगळं एका जागी दिसतं. फॉर्मचा खाना आणि व्हेरिएबल व्ही-मॉडेलने बांधलं की झालं, प्रत्येक खान्याला ऑनचेंज लिहीत बसायला नको. तुमच्या कामात नव्वद टक्के फॉर्मच आहे.

रिअ‍ॅक्टमध्ये युजइफेक्टची डिपेंडन्सी (काय बदललं की परत चालायचं ती यादी) चुकली म्हणून तीच रिक्वेस्ट सर्व्हरला पुन्हा पुन्हा मारत राहणारं पान ज्याने बघितलं नाही त्याने हात वर करावा.

हां, व्ह्यू २ वरून ३ वर जाताना लोकांचे हाल झाले हे खरंय. ३ आलं सप्टेंबर २०२० ला, जुन्या लायब्रऱ्या कित्येक दिवस तयारच नव्हत्या आणि २ चा सपोर्ट २०२३ च्या अखेरीला बंद झाला. पण नव्याने सुरू करणाऱ्याला त्याचं काय? आणि ज्या व्हीटचं तुम्ही सगळे गुणगान गाताय तो इव्हान यूनेच काढलाय, व्ह्यूवालाच तो.

सेमीकोलन

@पार्ल्याची_पोर, हात वर केला नाही :D

पण आता रिअ‍ॅक्टचा कंपायलर आलाय ना, ऑक्टोबर २०२५ ला १.० झाला. उगाच परत रेंडर होऊ नये म्हणून युजमेमो युजकॉलबॅक हाताने लिहायची गरज बरीच संपली. इफेक्टचं दुखणं कंपायलर बरं करत नाही हे मान्य.

बग_बुवा

इथे जो तो आपापल्या फ्रेमवर्कची पालखी घेऊन निघालाय, पण गाळ्यावरच्या पोराचा फोन कोणी हातात घेतलाय का?

असंच एक काम मी बघितलंय, एका मालवाहतूकवाल्याचं, रिअ‍ॅक्टमध्ये. डागांची (नगांची) यादी, चार-पाचशे ओळी, प्रत्येक ओळीत वजनाचा खाना. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालायचं. गोडाऊनमधल्या फोनवर "४७५" टाइप केलं की आधी ४ दिसायचा, मग काहीच नाही, मग एकदम ७५. पोरगं वैतागून परत ७ दाबायचं आणि वजन पडायचं ४७७५. नेटचा दोष म्हणून सगळे नेटला शिव्या घालत होते.

यूएसबीची वायर लावून फोन लॅपटॉपला जोडला, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून तोच फोन उघडला, आणि रिअ‍ॅक्टच्या डेव्हटूल्समध्ये "रेंडर झालं की हायलाइट करा" ही खूण चालू केली. एक आकडा दाबला की अख्खा तक्ता वरपासून खालपर्यंत चमकायचा. कारण सगळ्या ओळींची स्टेट (चालू किमती) वर एकाच बापाकडे ठेवलेली, एका खान्यात एक अक्षर बदललं की पाचशे ओळींची फंक्शनं परत चालणार, जुनं-नवं ताडून बघणार आणि शेवटी बदलणार काय, तर एक आकडा. खान्याची स्टेट त्या ओळीतच ठेवली, बोट उचलून दुसऱ्या खान्यात गेलं की मगच वर कळवायचं, आणि जेवढ्या ओळी पडद्यावर दिसतात तेवढ्याच रंगवायच्या. तोच फोन, तेच नेट, आणि टायपिंग सुरळीत.

ह्यात रिअ‍ॅक्ट वाईट असं म्हणायचं नाहीये. व्ह्यू, सॉलिड, नवीन स्वेल्ट, नवीन अँगुलर ह्यांच्यात सिग्नलची पद्धत आहे, जो भाग ती किंमत वाचतो त्यालाच खबर जाते, त्यामुळे हा खड्डा तिथे उथळ असतो. पण पाचशे ओळी एकदम डॉममध्ये कोंबल्या तर कुठलंही फ्रेमवर्क साध्या फोनवर रडतंच. तेव्हा आधी गाळ्यावरच्या पोरांकडे आहे तसला एक फोन विकत घ्या, ऑफिसच्या टेबलावर ठेवा आणि रोज संध्याकाळी त्याच्यावर चालवून बघा. डेव्हटूल्समधला सीपीयू चार-सहा पट मंद करायचा पर्याय ठीक आहे, पण तो अंदाज, खरा फोन तो खरा फोन.

कोपरखैरणेकर

बुवा दंडवत घ्या _/\_ आमच्या यादीतही दिवसाला एवढ्या ओळी होतील, कांद्याच्या सीझनला जास्तच. फोन घेतो.

ठाणे_पश्चिम

अँगुलरला लोक अजून २०१७ च्या चष्म्यातून बघतात. एनजीमॉड्यूल वगैरे आता लागत नाही, स्टँडअलोन कॉम्पोनंट १९ पासून आपोआपच. सिग्नल १६ पासून आहेत. राउटर, फॉर्म, एचटीटीपी सगळं घरचंच, कुठली लायब्ररी घ्यायची ह्यावर मीटिंग होत नाही. बँका आणि इन्शुरन्सवाले उगाच नाही अजून त्याच्यावर. दहा जणांच्या टीममध्ये दहाही जण सारखाच कोड लिहितात हे सुख आहे.

पण तिघांच्या टीमला आणि एका पेढीला मी स्वतः अँगुलर सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी मोठं व्हर्जन येतं आणि एकेका व्हर्जनला दीड वर्ष सपोर्ट. पेढीचा शेठ एकदा पैसे देणार आणि मग पाच वर्षं "चालतंय ना?" एवढंच विचारणार. अपडेट कोण करणार आणि कोणाच्या खर्चाने?

निवांत

आता बोलतो. स्वेल्ट. बंडल छोटं, कोड कमी, ५ मध्ये रून्स (बदलणारी किंमत दाखवायच्या खुणा) आल्यापासून मोठ्या पानातही काय कुठून बदलतंय ते समजतं. साध्या फोनला ह्याच्याइतकं हलकं काही नाही (सॉलिडवाले भांडायला येतील, येऊ देत).

सेमीकोलन

आणि निवांतभाऊ उद्या निवांत झाले की तो स्वेल्ट कोण सांभाळणार? ह.घ्या.

निवांत

साधं जावास्क्रिप्ट येणाऱ्याला स्वेल्ट शिकायला फार दिवस लागत नाहीत. ज्याला फक्त रिअ‍ॅक्टच येतं आणि जावास्क्रिप्ट येत नाही तसला माणूस तुम्ही ठेवणारच कशाला? पण ठीक आहे, माणसं मिळण्याचा मुद्दा खोटा नाही.

शिरोरेषा

तुम्ही सगळे फ्रेमवर्कवर भांडताय पण "सगळं मराठीतच पाहिजे" ह्या एका वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. खरी झटापट तिथे होणार आहे आणि त्यात रिअ‍ॅक्ट काय न् व्ह्यू काय कोणी मदतीला येत नाही.

मेहताजी मराठी कीबोर्डवर ४७५ टाकतील ते देवनागरीत. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी ४७५ दिलं की उत्तर येतं नॅन, म्हणजे "हा आकडाच नव्हे". नंबर टाइपचा खाना तर घेऊच नका, मराठी अंकांच्या बाबतीत तो भरवशाचा नाही, वर डेस्कटॉपवर फोकस असताना माउसचं चाक फिरलं की आकडा गुपचूप बदलू शकतो, पट्टीत असं झालं तर शेतकरी दारात. साधा टेक्स्ट खाना ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या म्हणजे फोनवर आकड्यांचाच कीपॅड येतो, आणि घेताना देवनागरी अंक इंग्रजी अंकांत फिरवून घ्या, पाच ओळींचं फंक्शन आहे. सर्व्हरला कायम इंग्रजी अंकच पाठवा.

दाखवायला ब्राउझरमधलंच इंटल नंबरफॉरमॅट आहे. एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की १२३४५६७ चे १२,३४,५६७ होतात, आपला लाख-कोटीचा स्वल्पविराम आणि अंकही देवनागरी. शेठना अंक इंग्रजीच हवे असतील तर त्याच लोकॅलला नंबर सिस्टिम लॅटिन सांगता येते, लायब्ररी लागत नाही. गावांची, शेतकऱ्यांची नावं लावायला इंटल कोलेटर वापरा, साध्या सॉर्टवर जाऊ नका.

नावाच्या खान्याला कमाल लांबी लावताना जपून. "ज्ञानेश्वर" डोळ्याला चार अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट मोजतं दहा. वीसची मर्यादा ठेवलीत तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव बसणारच नाही.

आणि सीएसएस. डिझायनरने हेडिंगला लेटर-स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुटते, अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. लाइन-हाइट इंग्रजीच्या हिशोबाने ठेवली आणि वर ओव्हरफ्लो हिडन असलं की वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. फॉन्ट मुक्ता घ्या, एक टाइपचा आहे, आपल्या मुंबईतलेच लोक. फक्त सगळी वजनं चढवू नका, रेग्युलर आणि बोल्ड पुरे, डब्ल्यूओएफएफ२ मध्ये, फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप. बंडलचे दहा केबी वाचवायला लोक रात्र रात्र जागतात आणि फॉन्टच्या पाच फाइली बिनदिक्कत चढवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

जुनाजाणता

शिरोरेषा ह्यांच्या प्रतिसादाला +१००. वेगळा धागा काढा ह्यावर.

कोपरखैरणेकर

खरंच, ह्यातलं निम्मं माझ्या डोक्यात नव्हतं. नंबर टाइपचा खाना घ्यायचा बेत होता तो रद्द.

आता हत्यारांचं कोणी सांगा. आमच्याकडे दोन लॅपटॉप ८ जीबी रॅमचे आहेत.

परळकर

हत्यारांवर माझी मतं जरा कडक आहेत, सहन करा.

टायपस्क्रिप्ट घ्याच, आणि स्ट्रिक्ट चालू करून घ्या. नंतर चालू करू म्हणणारे कधी चालू करत नाहीत, मग कोडभर "एनी" (कुठलाही प्रकार चालेल) पेरलेलं असतं आणि ते असून नसल्यासारखं. पट्टीच्या हिशोबात वजन स्ट्रिंग आहे की नंबर हे एडिटरने तिथल्या तिथे ओरडून सांगितलेलं बरं, नाहीतर "४७५" आणि "५०" ची बेरीज ४७५५० होते.

व्हीटबद्दल वाद नाही. डेव्ह सर्व्हर लगेच उठतो कारण तो आधी सगळ्याचं गाठोडं बांधत बसत नाही, ब्राउझर जे मॉड्यूल मागेल ते देतो. जुन्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमधून काही उचलून आणणार असाल तर तीन जागी अडखळाल. इंडेक्स एचटीएमएल पब्लिक फोल्डरमधून बाहेर मुळाशी येते, जेएसएक्स असलेल्या फाइलींचं नावही जेएसएक्स किंवा टीएसएक्स असावं लागतं, आणि एन्व्हायर्नमेंटच्या व्हेरिएबलचं आधीचं रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप जाऊन व्हीट येतं. पोर्टही ३००० चा ५१७३ होतो, बॅकएंडच्या कॉर्सच्या (कुठल्या पत्त्यावरून मागणी चालेल त्या) यादीत तो नसला की "कालपर्यंत चालत होतं" सुरू.

पॅकेज मॅनेजर. पीएनपीएम घ्या. एकच पॅकेज चार प्रोजेक्टांत असलं तरी डिस्कवर एकदाच ठेवतो, तुमच्या लॅपटॉपांना बरं. पण माझं खरं कारण वेगळंय. मार्च २०१६ ला लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड पडले, ते आता विनोद म्हणून सांगतात. सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग अशा रोज सगळ्यांच्या प्रोजेक्टात असणाऱ्या पॅकेजांच्या सांभाळणाऱ्याला फसव्या ईमेलने गंडवून त्यात क्रिप्टो चोरणारा कोड घुसवला, त्याच महिन्यात एका पॅकेजमधून दुसऱ्यात आपोआप पसरणारा किडाही आला, तो विनोद नव्हता. पीएनपीएम १० पासून इन्स्टॉलच्या वेळी पॅकेजांच्या स्क्रिप्टा आपोआप चालू देत नाही, आणि नवीन व्हर्जन आल्यावर ठरावीक वेळ थांबूनच घ्यायचं असंही सांगता येतं. एनपीएमवरच राहायचं असेल तर लॉकफाइल (नेमक्या व्हर्जनांची यादी) गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय चालवा.

नेक्स्ट नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने अजून एक. डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कॉम्पोनंटमध्ये सीव्हीएसएसच्या धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० ची भगदाड सापडली, लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. नुसत्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिअ‍ॅक्टला त्याची झळ नव्हती. जे लागत नाही ते घरात आणू नये.

एडिटर व्हीएस कोड, एक्स्टेन्शनांची जत्रा न भरवता. ८ जीबीत वेबस्टॉर्म आणि क्रोम एकत्र नांदत नाहीत.

ठाणे_पश्चिम

कोड तपासायला आणि नीट मांडायला इएसलिंट आणि प्रेटियर की बायोम?

परळकर

नवीन प्रोजेक्ट असेल तर बायोम, एकच फाइल कॉन्फिगची. इएसलिंट ९ ने कॉन्फिगची पद्धत बदलल्यापासून जुन्या लेखातलं काही जसंच्या तसं चालत नाही. टॅब की स्पेस ह्यावर मात्र उत्तर देणार नाही, घरात शांतता हवीय.

पार्ल्याची_पोर

टॅब. (पळते)

कोपरखैरणेकर

सगळ्यांना धन्स. तिघं बसून ठरवलं ते सांगतो. रिअ‍ॅक्ट, व्हीट, टायपस्क्रिप्ट स्ट्रिक्ट, पीएनपीएम, बायोम. नेक्स्ट नाही. व्ह्यूचा मोह झाला होता, अँगुलरवाला मित्र तर तयारच होता, पण शेठने विचारलं की उद्या तुम्ही नसलात तर कोण बघणार, आणि त्याला द्यायला माझ्याकडे व्ह्यूचं उत्तर नव्हतं. आवक नोंदवायचं पान बुवांनी सांगितलं तसं, ओळीची स्टेट ओळीत.

एक शंका राहिली. जुनं एका रात्रीत बंद करता येणार नाही, मार्केट पहाटे सुरू होतं. काय करतात अशा वेळी?

बग_बुवा

बंद करूच नका. जुन्या पानातच एक रिकामा डिव्ह ठेवा आणि तेवढ्यात रिअ‍ॅक्ट उभं करा, एका पानात असे कितीही कोपरे चालतात. त्या डिव्हच्या आत अँगुलरजेएसने हात घालू नये एवढं बघा, त्यासाठी त्यांचं एनजी-नॉनबाइंडेबल आहे. आधी पट्टी दाखवायचं पान हलवा, त्यात नुसतं वाचायचं असतं. आवक नोंदवायचं सगळ्यात शेवटी, आणि तेही सीझन उतरल्यावर.

जुनाजाणता

रिअ‍ॅक्ट घेतलंत, घ्या बापडे. पण पट्टीचा हिशोब ब्राउझरमध्ये करू नका एवढं म्हाताऱ्याचं ऐका. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३०००००००००००००००४ सांगतं, १.००५ ला टूफिक्स्ड दोन दिलं तर १.०१ न येता १.०० येतं. सगळ्या रकमा रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात ठेवा, कापणी सर्व्हरवर करा, फोनने फक्त दाखवायचं. आणि हमाली-तोलाईचे दर कोडमध्ये लिहू नका, टेबलात ठेवा, "अमुक तारखेपासून" ह्या रकान्यासकट. दर वाढले की मागच्या महिन्याची पट्टी परत काढायला कोणीतरी येतोच, आणि त्याला त्या दिवशीच्या दरानेच निघाली पाहिजे.

कोपरखैरणेकर

तारखेचा रकाना आत्ताच टाकला टेबलात. दर किती दशांशापर्यंत ठेवू, गोणीमागे पैशांतही दर असतात का? मेहताजींना उद्या विचारून इथे लिहितो.